सिंहाच्या सोयरिकी

मगो सध्या कुणाबरोबर आहे, हे आमच्या काकांना विचारायचं नाही, असा घरात अलिखित नियम आहे. विचारलंच कुणी, तर ते चष्मा काढतात, धोतराच्या सोग्याने पुसतात आणि म्हणतात, "मी सिंहाला मत दिलं. पुढचं त्या सिंहाला विचार." काका निवृत्त प्राथमिक शिक्षक, ऐंशीच्या घरातले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोच्या, सिंहाखेरीज दुसऱ्या चिन्हावर त्यांनी कधी शिक्का मारला नाही की बटण दाबलं नाही. अपवाद फक्त एकदाचा, तोही नाइलाजाचा. ती गोष्ट पुढे येईल.

सिंहाने मात्र कुणाशी सोयरीक करायची बाकी ठेवली नाही. 1990 मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्यांशी, 1994 मध्ये भाजपशी, 2007 मध्ये सबंध काँग्रेसशी, 2012 मध्ये पुन्हा भाजपशी. 2017 मध्ये शिवसेना आणि गोवा सुरक्षा मंचाचा हात धरून निवडणूक लढवली आणि निकाल लागताच सत्तेत बसायला भाजपकडे. 2022 मध्ये तृणमूल काँग्रेसबरोबर प्रचार आणि निकालानंतर परत भाजप. मुंबई-पुण्याचे पाहुणे हे ऐकून हसतात. त्यांना अलीकडे हसायला तसं कारण उरलेलं नाही, हा भाग वेगळा.

मी मडकई मतदारसंघातल्या एका गावचा. हा इतिहास मला आधी घरातल्यांच्या तोंडून कळला, वर्तमानपत्रांतून मागाहून. आजी, काका आणि मडगावचे मामा असे तिघे सांगणारे, आणि तिघांचे तीन इतिहास. एकाच पक्षाबद्दल बोलताहेत असं वाटूही नये इतके निराळे.

आजीच्या इतिहासात पक्ष नव्हताच, भाऊ होते. दयानंद बांदोडकर. त्यांच्या आधी होता तो भाटकार, म्हणजे जमीनदार. आमचं घर भाटकाराच्या भाटात, म्हणून आम्ही मुंडकार. खाजनातली कोरगुटाची शेती कसायची ती कूळ म्हणून. घरावर चुडतांऐवजी कौलं घालायची तर भाटकाराची परवानगी लागे. अंगणातल्या फणसाची सावली आमची, फणस त्याचा. चतुर्थीला, लग्नकार्याला भाटकाराच्या घरी राबायला जायचं ते निरोप आला की लगेच. निरोपाला 'नाही' म्हणायची सोयच नव्हती. आजी हे सांगताना रागावत नसे. पाऊस किती पडायचा हे सांगावं तशी सांगायची. राग तिला एकाच गोष्टीचा होता. कौलं मागायला गेलेल्या आजोबांना भाटकाराने दुपारभर सोप्याखाली उभं ठेवलं आणि शेवटी पुढल्या वर्षी बघू म्हणून परत पाठवलं. हे सांगताना तिचा आवाज चढायचा.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि 9 डिसेंबर 1963 ला पहिली निवडणूक झाली. पोर्तुगीज राज्यात मताचा अधिकार असला तर भाटकारासारख्यांना; आजीसारख्यांना मत हा प्रकारच नवा. देवळाच्या अग्रशाळेत मतदान होतं. आदल्या रात्री भाटकाराचा माणूस घरोघर फिरून काँग्रेसला मत द्या असं सांगून गेला होता. आजीच्या म्हणण्याप्रमाणे गावातल्या सगळ्या बायकांनी त्याला 'बरं' म्हटलं आणि सकाळी ठेवणीतली लुगडी नेसून सिंहावर शिक्का मारून आल्या. "कागद घडी केला की आत काय ते देवाक खबर," असं ती म्हणायची. तिच्या लेखी लोकशाहीचा सगळा अर्थ त्या घडीत होता.

निकाल लागला तेव्हा गोव्याच्या भूमीवर काँग्रेसचा एकही उमेदवार निवडून आलेला नव्हता. दिल्लीत नेहरू, दोन वर्षांपूर्वी गोव्यात सैन्य धाडणारं सरकार काँग्रेसचं, आणि गोव्यात हातात भोपळा. विरोधात बसला तो डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष, बारा जागा घेऊन. 20 डिसेंबरला भाऊ मुख्यमंत्री झाले. त्यांनी स्वतः ती निवडणूक लढवली नव्हती. मागाहून पोटनिवडणुकीत आमच्या मडकईतून ते विधानसभेत गेले. त्यामुळे आजी जन्मभर "आमचे भाऊ" म्हणत राहिली, आणि त्यात अतिशयोक्ती काही नव्हती.

भाऊ खाणमालक. गर्भश्रीमंत नव्हेत, स्वकष्टाने झालेले श्रीमंत. कुळांचा आणि मुंडकारांचा पक्ष एका खाणमालकाने चालवावा, यात आजीला विसंगती कधीच दिसली नाही. मला कॉलेजात असताना फार दिसायची. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "खाण कुणाच्या परसात होती? माझ्या?" भाटकार परसात होता, खाण लांब होती. माणसं आधी जवळच्याशी भांडतात.

1964 चा कूळ कायदा आला आणि खंड उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्यावर आला. गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या. त्यांतल्या एका शाळेत काकांना मास्तरकी मिळाली. विशीतही न पोचलेला कुळाचा पोर खुर्चीवर बसलेला बघायला म्हणे आजोबा रोज शाळेवरून वाट वाकडी करून जायचे. काकांची निष्ठा तिथली आहे. सरकारी नोकर म्हणून त्यांनी उघड प्रचार कधी केला नाही. पण निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात शुद्धलेखनाच्या फळ्यावर 'सिंह' हा शब्द हमखास यायचा. बिंदू कुठे द्यायचा हे मुलांना नीट कळावं म्हणून, असं ते अजून गंभीरपणे सांगतात.

मामांचा इतिहास सुरू होतो 16 जानेवारी 1967 ला, जनमत कौलाच्या दिवशी. मगोचा जन्मच गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी झाला होता. निवडणूक जिंकली म्हणजे विलीनीकरणाला लोकांनी हो म्हटलं, असं पक्षाचं म्हणणं. सिक्वेरांचं म्हणणं, तसं नाही, हा प्रश्न लोकांना वेगळा विचारा. विचारायचं ठरलं. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊंचं सरकार डिसेंबर 1966 मध्ये बाजूला झालं. फूल म्हणजे महाराष्ट्र, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. मामा तेव्हा मडगावला एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. जातीने, पैशाने, सगळ्या अंगांनी आजीच्याच थरातले. पण ते वाचायचे 'राष्ट्रमत', आणि 'राष्ट्रमत' गोवा वेगळा राहावा म्हणून रोज मराठीत लिहीत होता. फोंड्यात काका वाचायचे 'गोमन्तक', तो विलीनीकरणाच्या बाजूचा. मराठीने मराठीचा पराभव केला, असं मामा मिशीत हसून म्हणायचे. काकांसमोर नाही.

नव्या काबिजादीतल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याचा कल फुलाकडे, जुन्या काबिजादीतल्या साश्टी, बार्देश, तिसवाडीचा पानांकडे. आकडे रेडिओवर येत होते तसतसं आमच्या घरचं जेवण लांबत गेलं. शेवटी पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170. चौतीस हजारांनी महाराष्ट्र हरला. आजोबा उठून खाजनाच्या बांधावर जाऊन बसले, असं काका सांगतात. आजी सांगायची की आजोबा जेवले, झोपले आणि सकाळी बैल घेऊन गेले. दोघांतलं खरं काय ते आता कळायची सोय नाही, पण मला आजीचं खरं वाटतं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने माझ्या आईवडिलांच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलगी मडगावची, चांगली, घर चांगलं, देणंघेणं काही नाही. सगळं जमत आलं आणि कुणीतरी फोड केली की मुलीचा भाऊ पानांचा होता, नुसता मत देऊन थांबला नाही, सायकलवरून पत्रकं वाटत हिंडला होता. काका चिडले. असल्या घरची मुलगी नको. आजीने विचारलं, "मुलीन मत मारलें?" मुलीचं वय तेव्हा मताच्या वयात बसत नव्हतं. "मग जालें तर," आजी म्हणाली, आणि बोलणी पुढे गेली. लग्नात मामा आणि काका एका पंगतीला बसले, पण मध्ये भटजींना बसवून. आमच्या घराण्यातली ही पहिली युती, आणि सगळ्यांत टिकाऊही हीच निघाली.

पण मला खरा चक्रावून टाकतो तो 1967 मधलाच पुढचा निकाल. कौल हरून अडीच महिने होतात न होतात तोच विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पुन्हा जिंकला. सोळा जागा, युनायटेड गोवन्सच्या बारा. ज्या कारणासाठी पक्ष काढला ते कारण लोकांनी धुडकावलं आणि पक्षाला मात्र परत गादीवर बसवलं. याचं उत्तर मामांनी मला दिलं, तेही खूप उशिरा. त्यांच्या दुकानातल्या पोऱ्याने जानेवारीत पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये सिंहावर. का, तर गोवा वेगळा राहिला पाहिजे, पण भाटकार परत आला नाही पाहिजे. साधा माणूस दोन प्रश्न दोन ठिकाणी ठेवू शकतो; पक्षालाच ते जमलं नाही. विलीनीकरण संपलं, मग आता आपण कशासाठी, हे मगोने त्या मार्चमध्ये बसून ठरवायला हवं होतं. जिंकलेल्या माणसाला बसून विचार करायला कोण सांगणार?

पहिली राजकीय तडजोड तर भाऊंच्याच काळातली आहे, हे काका सोयिस्करपणे विसरतात. 1970 मध्ये पक्षातले काही आमदार भाऊंवर उलटले. सरकार डळमळलं आणि सावरलं ते युनायटेड गोवन्समधून फुटून आलेल्या आमदारांनी. फुलाच्या सरकारला पानांनी टेकू दिला. आजीला याचा पत्ता नव्हता. "भाऊ होते ना मुख्यमंत्री? मग झालं," एवढंच तिचं म्हणणं. 1972 मध्ये सिंहाला अठरा जागा मिळाल्या, तेव्हा लोकांनी त्या टेकूचा हिशेब मागितला नाही हे उघड आहे. युती लोकांना खुपते ती तिने पदरात काही पडलं नाही तर.

12 ऑगस्ट 1973 ला भाऊ गेले. गावात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत, आणि यावर आजी, काका, मामा तिघांचंही एकमत आहे. मागून त्यांची मुलगी शशिकला काकोडकर, सगळ्यांची ताई, मुख्यमंत्री झाली. ताईंच्या काळातल्या दोन कायद्यांना माझ्या मते भाऊंच्या काळापेक्षा जास्त वजन आहे. 1975 चा मुंडकार कायदा, म्हणजे घरातून कुणी हुसकायचं नाही. आणि 1976 मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, म्हणजे कसेल तो मालक. भाटकार कोर्टात गेले, वर्षं गेली, पण आजोबांच्या हयातीत खाजनाचा तो तुकडा नावावर झाला. त्या दिवशी आजोबांनी घरावर कौलं चढवायला सुरुवात केली. परवानगी कुणाची मागायची हेच त्यांना समजेना, म्हणून देवाला नारळ ठेवला.

आणि हीच पक्षाची अडचण झाली असावी. कूळ मालक झालं, मालकाची मुलं शिकली, शिकलेल्यांना नोकऱ्या हव्या झाल्या, बदल्या हव्या झाल्या, रस्त्याची कंत्राटं हवी झाली. ही कामं कायद्याने होत नाहीत, मंत्र्याने होतात. 1977 मध्ये पंधरा जागांवर मगोचं सरकार आलं ते काठावरचं. 1979 च्या एप्रिलमध्ये अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात तिघे आमदार फुटले आणि ताईंचं सरकार पडलं. भाऊंच्या घरचं राज्य सोळा वर्षंही पुरलं नाही. जानेवारी 1980 मध्ये सिंहाला सात जागा. थोड्याच दिवसांत स्वतः ताई बहुतेक आमदार घेऊन काँग्रेसमध्ये गेल्या. रमाकांत खलप आणि बाबूसो गांवकर तेवढे मागे राहिले.

काकांना हे फार लागलं. ताईंचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवला. आजी म्हणाली, "ताई गेली म्हणून सिंह जाता?" गेला नाही. पुढच्या निवडणुकीत आठ, 1989 मध्ये तर चाळिसांच्या सभागृहात अठरा. ताईही फिरून पक्षात आल्या, फोटो भिंतीवर आला. खिळा तोच होता.

आता 1990. हे मला स्वतःला आठवतं, पण मी काकांच्या नजरेने सांगतो, कारण माझ्यापेक्षा त्यांचं जास्त जळलं. त्याच्या चार वर्षं आधी राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं. कोकणी की मराठी. रस्त्यांवर झाडं आडवी, बसेस बंद, माणसं मेली. आई माहेरी मडगावला अडकली होती आणि काका मराठीच्या मोर्चात होते. कोकणीच्या बाजूने साश्टीत रान उठवणाऱ्यांत चर्चिल आलेमाव पुढे होते. फेब्रुवारी 1987 मध्ये कोकणी राजभाषा झाली, मराठीला वापराची मुभा मिळाली, मेमध्ये गोवा राज्य झालं. बरं. तीन वर्षांनी काँग्रेसमधून सात आमदार फुटले, त्यांत चर्चिल आणि सभापती लुईस प्रोत बार्बोझा. सरकार बनवायला त्यांना हवा होता मगो. आणि मराठीचा मगो गेला. चर्चिल मुख्यमंत्री झाले, तीन आठवडेही नाहीत, मग बार्बोझा, खलप उपमुख्यमंत्री. काकांनी त्या दिवशी शाळेत सुट्टी टाकली. "ज्यांच्या झाडांखालून आम्ही सायकली ओढल्या," एवढंच म्हणाले.

मामांना फोन करून मी विचारलं, तुम्हाला तरी आनंद झाला का. मामा म्हणाले, "आनंद कसला? त्यांनी आम्हाला विचारलं नाही, यांनी तुम्हाला विचारलं नाही. फिट्टंफाट." काका-मामांचं राजकारणात एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग.

डिसेंबरमध्ये ते सरकार पडलं. मग जानेवारी 1991 मध्ये मगोतून एक गट बाहेर पडला आणि काँग्रेसच्या बळावर त्या गटाचे पुढारी मुख्यमंत्री झाले: रवी नाईक, आमच्याच मडकईचे आमदार, फोंड्याचे, बहुजन समाजातले, सिंहावर निवडून आलेले. इथे आमच्या गावाची गंमत बघा. गद्दार म्हणावं तर माणूस आपला. आपला म्हणावं तर सिंह सोडून गेलेला. गावाने दोन्ही केलं. सकाळी शिव्या दिल्या आणि संध्याकाळी फोंड्यात फटाके लावले. पक्षातले लोक त्यांना काहीही म्हणोत, भाऊ-ताईंनंतर गादीवर बहुजन समाजातला माणूस बसला तो पक्ष फोडून बसला, ही वस्तुस्थिती मगोने कधी नीट तोंडावर घेतली नाही.

आणि 1994. काकांच्या अपवादाची गोष्ट ती हीच. मगोने भाजपशी युती केली. भाजपला तोवर गोव्याच्या विधानसभेत एकही जागा जिंकता आलेली नव्हती. जागावाटप झालं आणि त्यात मडकई भाजपला गेली. भाऊंची मडकई! उमेदवार श्रीपाद नाईक, माणूस सालस, सगळ्यांच्या ओळखीचा, तक्रारीला जागा नाही. पण मतपत्रिकेवर सिंह नाही. काकांनी आजीला आदल्या रात्री तीनतीनदा समजावलं की यावेळी कमळ, कमळ म्हणजे आपलंच, सिंह कमळाच्या मागे उभा आहे. आजीने मान हलवली. सत्तरी ओलांडलेली बाई, काठी टेकत केंद्रावर गेली. आत खूप वेळ झाला तरी बाहेर येईना. शेवटी केंद्रावरच्या बाईंनी आत डोकावून विचारलं, आजी, काय झालं. आजीने मतपत्रिका उलटी करून त्यांच्यापुढे धरली: "हांगा फाटल्यान सांगिल्लें, मागें उबो आसा म्हूण. खंय आसा?" मागची बाजू कोरी होती. 

तिने शेवटी शिक्का कुठे मारला हे सांगितलं नाही. तीस वर्षांपूर्वी भाटकाराच्या माणसाला जसं 'बरं' म्हटलं तसं तिने काकांनाही म्हटलेलं असणं शक्य आहे. काकांनी मात्र कमळावर मारला, पक्षाचा आदेश म्हणून.

त्या निवडणुकीत सिंहाला बारा जागा आणि कमळाला चार. त्या चौघांत पणजीहून मनोहर पर्रीकर होते, मडगावहून दिगंबर कामत आणि आमच्याकडून श्रीपादभाऊ. 1999 मध्ये युती नव्हती, तेव्हा कमळाला दहा आणि सिंहाला चार. 2002 मध्ये सतरा आणि दोन. आठ वर्षांत पाहुण्याने घर घेतलं म्हणून काका भाजपला बोल लावतात. मला ते पटत नाही. भाजपने काही चोरलं नाही. मगोचा मतदार कूळ होता तेव्हा त्याला मगोची गरज होती. त्याची मुलं दुकानदार, ट्रकमालक, कारकून झाली तेव्हा त्यांच्याशी काय बोलायचं हे मगोला सुचलं नाही आणि पर्रीकरांना सुचलं. युतीने एवढंच केलं की सिंहाच्या घरात कमळाला शिक्का मारायची लाज मोडली. एकदा काका मोडले म्हणजे बाकीच्यांचं काय.

मडकई मात्र 1999 मध्ये परत सिंहाकडे आली, सुदिन ढवळीकरांच्या रूपाने, आणि आजतागायत आहे. तेव्हापासूनचा हिशेब मला सगळ्यांत उद्बोधक वाटतो. अठरा आमदार होते तेव्हा मगोला काही महिने उपमुख्यमंत्रिपद मिळालं. बारा होते तेव्हा बहुतेक काळ विरोधी बाक. आणि आमदार दोन-तीन उरल्यावर? 2002 मध्ये दोन, मंत्रिपद पर्रीकरांकडे. 2007 मध्ये दोन, मंत्रिपद काँग्रेसच्या दिगंबर कामतांकडे. हे तेच कामत, चौघांतले. 2012 मध्ये तीन आमदार आणि त्यांतले दोन ढवळीकर बंधू मंत्री. चाळिसांच्या सभागृहात बहुमत एकवीसवर असतं आणि मोठे पक्ष बऱ्याचदा त्याच्या अलीकडेच अडकतात, त्यामुळे मगो जितका बारीक झाला तितका महाग झाला. वाढण्यात तोटा आणि आक्रसण्यात फायदा असेल तर कुठला पक्ष वाढायची धडपड करील? युत्या का बदलतात याचं उत्तर तत्त्वांत शोधणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

या धंद्यातला धोकाही तिथेच आहे. 2017 मध्ये मातृभाषेच्या माध्यमासाठी म्हणून सुभाष वेलिंगकरांच्या मंचाबरोबर मगो भाजपविरुद्ध लढला, तीन जागा आल्या, आणि सरकार पर्रीकरांचं बनवलं. काका तेव्हा खूश होते, कारण माध्यमाचा प्रश्न त्यांच्या शाळेचा प्रश्न होता. निकालानंतरचा आठवडा ते बोलले नाहीत. 17 मार्च 2019 ला पर्रीकर गेले. 19 च्या पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला आणि सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्री होणार असं ठरलं. आठवडा उलटतो तोच, पुन्हा अपरात्री, तिघांतल्या दोघांनी भाजपमध्ये विलीनीकरण केलं. तिघांतले दोघे म्हणजे दोन-तृतीयांश. कायद्याला तेवढे पुरतात. ढवळीकर मंत्रिमंडळाबाहेर. ज्या पक्षाने विलीनीकरणासाठी जन्म घेतला त्याचं शेवटी विलीनीकरण झालं ते असं, दोन आमदारांपुरतं. हे वाक्य मामांचं. ते आता नाहीत, पण 2019 मध्ये होते आणि हे बोलायला त्यांनी मडगावहून मुद्दाम फोन केला होता. काकांनी तो घेतला, शांतपणे ऐकला आणि "जेवलास?" असं विचारून ठेवला.

2022 च्या फेब्रुवारीत तृणमूलबरोबर मगो लढला तेव्हा फोंड्यात सिंहाचा उमेदवार 77 मतांनी पडला. जिंकले भाजपचे रवी नाईक. एकेकाळचा सिंहच सिंहाला भारी पडला आणि तोही कमळ हातात घेऊन. एकूण जागा दोन, आणि त्या दोन घेऊन ढवळीकर पुन्हा मंत्री झाले. काकांनी मडकईत बटण दाबलं होतं ते सिंहाचंच.

मला युतीचा राग येत नाही. एका पक्षाच्या बळावर गोव्यात राज्य करायचे दिवस गेले, आणि तडजोड भाऊंनीही केली होती. राग येतो तो याचा की 1970 पासून आजवरच्या एकाही तडजोडीच्या आधी मडकईतल्या, प्रियोळातल्या, मांद्र्यातल्या मतदाराला कुणी विचारलेलं नाही. कौल हरला म्हणून 1967 ची आठवण पक्षाला नकोशी वाटते. पण गोव्याच्या माणसाला सरळ प्रश्न विचारला आणि त्याने सरळ उत्तर दिलं, असं एकदाच घडलं ते त्याच जानेवारीत, आणि त्याने उत्तर देऊनही मार्चमध्ये सिंहाला सोडलं नव्हतं. पुढची विधानसभा निवडणूक 2027 मध्ये आहे. सिंहवाल्यांनो, यावेळी कुणाबरोबर जायचं ते निकालानंतरच्या रात्री ठरवू नका. अर्ज भरायच्या आधी गावात या, अग्रशाळेत बसा आणि विचारा. काका अजून ऐकू येण्याइतके ठणठणीत आहेत.